डावा गुडघा

फ्रिजचं दार इतकं अलगद उघडलं की ती तोल जाऊन मागे ओट्यावर आपटली. पडली नाही, ओट्याच्या कडेनं पाठीला धरलं म्हणून निभावलं. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात दाराची दांडी आणि डावा गुडघा हवेत उचललेला, तसाच. कोणी पाहिलं असतं तर बाईला या वयात नाच शिकायची लहर आली की काय असं वाटलं असतं. पण पाहायला घरात कोणी नव्हतं. समोर नव्या फ्रिजच्या पोटातला पांढरा दिवा लागला होता आणि आतली अंडी, लोणी, काकड्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं दुकानात मांडल्यासारखं दिसत होतं, आपलं नसल्यासारखं. तिनं गुडघा खाली घेतला. फ्रिज येऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस हेच चाललं होतं. हाताला कळलं होतं, डोळ्यांना कळलं होतं, गुडघ्याला काही केल्या कळत नव्हतं. आणि आज संध्याकाळी भाऊ यायचा होता. बाबा गेले तेव्हा आला होता, त्यानंतर आजच. जुना फ्रिज आणखी एक आठवडा तग धरता तर त्याच्या बापाचं काय जाणार होतं, असं तिच्या मनात पुन्हा एकदा आलं, आणि फ्रिजला बाप कुठला म्हणून हसूही आलं.

जुन्याला असं उघडता येत नसे. दांडी आधी बोटभर वर उचलायची, त्याच क्षणी डावा गुडघा दाराच्या खालच्या कोपऱ्याला द्यायचा, आणि मग ओढायचं. तिन्ही गोष्टी एकदम. त्यातली एक जरी मागेपुढे झाली तरी दार ढिम्म हलत नसे. पाहुण्यांची फार फजिती व्हायची. शेजारच्या काकू एकदा बर्फ न्यायला आल्या आणि दाराशी झटून झटून रडवेल्या झाल्या. शेवटी बाबांनी वाचता वाचता नुसता गुडघा लावून दार उघडलं आणि पुन्हा वाचायला लागले. घरातल्या माणसांना मात्र ते कोणी शिकवलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं, बस. पहाटे अर्धवट झोपेत, तापात, भांडून आल्यावर, एका हातात फोन असताना, गुडघा आपलं काम करायचा आणि खालच्या पत्र्यावर 'धप्' असा एक बसका आवाज व्हायचा. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला त्या आवाजावरून कळायचं की स्वयंपाकघरात कोण आहे. बाबांचा 'धप्' सावकाश, खोकल्यासारखा. आईचा अर्धाच, कारण तिच्या दोन्ही हातांत काहीतरी असायचं. आणि भावाचा, सगळ्या घराला जाग आणणारा.

दार वाकलं होतं ते भावामुळेच. फ्रिज घरी आला त्या दिवशी दुकानाची माणसं तो खाली दारातच ठेवून निघून गेली होती, आणि बाबा व भाऊ दोघांनी मिळून तो तीन जिने वर चढवला. भाऊ तेव्हा शाळेत, मिसरूड फुटायला आलेलं. बाबा वरून हुकूम सोडत होते, "डावीकडे घे. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. माझ्या म्हणजे तू माझ्या जागी असतास तर तुझ्या." भावाला हसू आवरेना. शेवटच्या वळणावर त्याची पकड सुटली आणि फ्रिजचा खालचा कोपरा जिन्याच्या कठड्यावर बसला. ती वर दार धरून उभी होती. तो आवाज तिला अजून आठवतो. बाबा काय बोलतात म्हणून सगळे श्वास रोखून उभे. बाबांनी कोपरा हातानं चाचपला आणि म्हणाले, "उत्तम. आता हा आपलाच झाला. दुकानदाराला परत घेता येणार नाही." तेव्हापासून भावाचं नाव हमाल पडलं. जेवायला वाढताना आई म्हणायची, "हमालांना बोलवा." तो परीक्षेत पहिला आला तेव्हा बाबांनी सगळ्या चाळकऱ्यांना सांगितलं, "आमचा हमाल पहिला आला."

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे त्यांना एक खोड जडली होती: कुठलंही छापील पान ते मोठ्यानं, सगळ्या विरामचिन्हांसकट वाचत. घरात नवी वस्तू आली, मग तो मिक्सर असो, इस्त्री असो की साधा टेबलावरचा पंखा, की तिच्याबरोबरची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता. सगळ्यांनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचं. मध्ये वस्तू, तिच्या तारेचं वेटोळं अजून सुटलेलं नाही, आणि बाबा चष्मा पुसून सुरू करायचे. "सदर उपकरण सपाट जागी ठेवावे पूर्णविराम. ओल्या हाताने स्वल्पविराम अथवा अनवाणी पायाने स्वल्पविराम स्पर्श करू नये पूर्णविराम." फ्रिजची पुस्तिका म्हणजे तर पोथीच होती. उन्हाळा, घामाच्या धारा, कोपरा वाकलेला फ्रिज समोर, आणि बाबा तिसऱ्या पानावर. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "आधी दूध फाटतंय ते बघा, मग वाचा." बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मध्ये बोलायचं नाही. चिन्ह सुटलं की अर्थ फिरतो." दूध फाटलंच. पण त्या दिवशी चौघंही जेवताना हसत होती, आणि पुढच्याच वर्षी आई गेली, त्यामुळे तो दिवस तिच्या मनात वेगळा काढून ठेवल्यासारखा राहिला. अधूनमधून ती तो काढून बघायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

दूध आत ठेवून तिनं दार लावलं. दार स्वतःच ओढल्यासारखं मिटलं, चूं की चां न करता. ती क्षणभर कान लावून उभी राहिली. काही नाही. फ्रिज चालू होता की बंद, हे वरच्या हिरव्या ठिपक्यावरूनच कळायचं. दुकानातल्या पोरगेल्या विक्रेत्यानं हेच मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "ताई, आवाज शून्य. आणि दार बघा, एका बोटानं." त्यानं खरंच एका बोटानं उघडून दाखवलं, वीस वेळा, जादूगारासारखं. तिनं विचारलं, "आवाजच नाही तर चालू आहे हे कळणार कसं?" या प्रश्नाचं उत्तर त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मग त्यानं निरनिराळे रंग दाखवले, लाल, करडा, आरशासारखा चकचकीत काळा, आणि तिनं पांढरा घेतला, जुन्यासारखा.

आवाज हा तिचा धंदाच होता. कान तपासायच्या दवाखान्यात ती इतकी वर्षं काम करत होती की रस्त्यातून चालणाऱ्या माणसाची मान कुठल्या बाजूला वळते यावरून त्याचा कुठला कान गेला आहे हे ती सांगू शकली असती. माणसाला एका बंद, जाड भिंतींच्या खोलीत बसवायचं, कानावर यंत्र चढवायचं, हातात एक बटण द्यायचं आणि काचेपलीकडून सांगायचं, "आवाज कितीही बारीक असू दे, आला की दाबा." मग ती एकेक सूर सोडायची, आधी ठसठशीत, मग बारीक, आणखी बारीक. काही माणसं हटवादी, खणखणीत ऐकू येईपर्यंत दाबत नाहीत. पण पुष्कळजण आवाज नसतानाच दाबतात. ती काही लबाडी नसते. त्या खोलीत बसलं की इतकं शांत होतं, आणि ऐकू यावं अशी आस इतकी मोठी असते, की मन स्वतःच एक सूर काढतं आणि अंगठा दाबला जातो. काचेतून तिला त्यांचे चेहरे दिसत. आला, आला, असं वाटून उजळलेले. ती ते दाबणं जमेस धरत नसे. असा अंगठा पहिल्या दोनचार खेपांतच ओळखायचा, हे ती नव्या मुलींना शिकवायची. कानात पहिल्यांदा मशीन घालून घरी गेलेली माणसं चार दिवसांनी परत येत आणि तक्रार करत, कागद फार वाजतो, स्वतःचं चावणं ऐकू येतं. आणि हमखास एकजण तरी म्हणायचा, "बाई, आमच्या फ्रिजला आवाज आहे हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं हो." सांगताना डोळ्यांत पाणी. तिला वाटायचं, यांना त्यांचं घर परत मिळालं.

तिच्या घराचा आवाज मात्र गेला होता. रात्रंदिवस तो जुना फ्रिज घरघरत असायचा, मध्येच एक उसासा टाकून थांबायचा, पुन्हा अंग झाडून सुरू व्हायचा. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तर घरात जागं असं तेवढंच एक होतं. तेव्हाच भावाचं आणि तिचं बिनसलं. त्याचं म्हणणं, बाबांना मी माझ्याकडे नेतो. तिकडे मोठे दवाखाने आहेत, माझं घर मोठं आहे. बाबा म्हणाले, मी इथून हलणार नाही. आणि तिनं बाबांची बाजू घेतली. त्यात चूक काय होतं हे तिला आजही सांगता आलं नसतं, पण भावाच्या आवाजात तेव्हा जे तुटलं ते तिच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. "ठीक आहे," तो फोनवर म्हणाला होता. "तुमचं घर, तुमचे बाबा. ठेवा." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, बाबा गेले तेव्हा तो आला, दोन दिवस राहिला, पण उतरला हॉटेलात. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होता, भेटायला येणाऱ्यांसारखा. लोक येऊन तिच्यापाशी बसत, तिच्या खांद्यावर हात ठेवत, आणि मग त्याच्याकडे पाहून विचारत, "हे कोण?" तिच्या डोळ्यांना तेव्हा काही दिसत नव्हतं, पण तो एकदाही स्वयंपाकघरात गेला नाही हे तिनं ऐकलं होतं. म्हणजे, तो आवाज आला नव्हता.

नंतर फोन होत राहिले, वाढदिवसाला, त्याच्या पोरीच्या निकालाला, तब्येतीच्या चौकशीला. कोरडे नव्हते, पण हातचं राखून. "तुझ्याकडे पाऊस आहे का," "तुझ्या घराचं प्लास्टर झालं का." तुझं, तुझ्या. मागे एकदा ती बोलण्याच्या भरात म्हणाली, तुझ्या खोलीची खिडकी बदलून घेतली रे, ती अडकायची ती. मग तो म्हणाला, "कुठली खिडकी? ताई, खरं सांगू का, मला त्या घरातलं आता फारसं काही आठवतच नाही." रागानं नाही म्हणाला. वजन किती वाढलं हे सांगावं तसं म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. ती "असू दे, असू दे" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिली. आई गेली, बाबा गेले. 'डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे' हे ज्यानं ऐकलं आहे असं जगात आता एकच माणूस उरलं आहे, आणि त्याला आठवत नाही. मग ते घडलं होतं याला साक्षी कोण? एकट्या माणसानं आठवलेलं खरं असतं की त्या बंद खोलीतल्यासारखं मनानं काढलेलं, हे कोणी सांगायचं?

तिच्या लेखी साक्षी एकच होता, आणि तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरघरत होता. भावानं कामासाठी या गावी येतोय, संध्याकाळी तासभर डोकावून जातो असं कळवलं, तेव्हापासून तिच्या मनात एकच चित्र होतं. तो येईल, बसेल, परक्यासारखं बोलेल. बोलू दे. मग ती म्हणेल, जरा पाणी घे रे तुझं तू. आणि तो उठून आत जाईल, आणि 'धप्'. बाकी काही नको होतं तिला. त्यानं गळ्यात पडावं, माफी मागावी, यातलं काही नको. तेवढा एक आवाज ऐकला की आपण म्हातारपण निभावून नेऊ अशी तिची खात्री झाली होती. वेडेपणाच, पण खात्री झाली होती खरी. आणि अशात एका सकाळी दवाखान्यातून आलेल्या फोनवर बोलत ती चहाचं दूध काढायला गेली तर फ्रिज गप्प. आत दिवा नाही, बर्फाचं पाणी झालेलं. दुरुस्तीवाला आला, मागून जाळी काढून आत बघितलं, बाहेर येऊन हात पुसले. "ताई, यात आता काही राहिलं नाही. सोडा याला." तिनं आठवडाभर, निदान आठवडाभर तरी चालेल असं कर म्हणून गळ घातली. दुरुस्तीवाला अनुभवी होता. त्यानं अशी माणसं पाहिली असावीत. "आठवड्यानं काय होणार आहे?" त्यानं विचारलं. तिच्या तोंडून नुसतं "पाहुणा यायचाय" एवढंच निघालं, आणि पाहुणा हा शब्द आपण भावाला वापरला याचा तिलाच चटका बसला.

बंदच असू दे, कोपऱ्यात उभा राहू दे, तो येईपर्यंत, असंही तिच्या मनात आलं होतं. पण दुकानाची माणसं नवा आणताना जुना घेऊन जाणार असा सौदा होता, आणि नव्याला जागा तीच. दोघं आले आणि त्यांनी तो उचलला. ती पुढे धावली, "सांभाळून, वळणावर सांभाळून, कोपरा लागेल." त्यातला एकजण मान वळवून म्हणाला, "बाई, भंगारात जातोय." तरी ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिलीच. दुसऱ्यानं नव्याची तार जोडली, बटण दाबलं, हिरवा ठिपका लागला, झालं. पुस्तिका त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून काढलीही नाही; फ्रिजवर टाकली आणि गेला. तिच्या जिवावर आलं. पण एकटीनं जमिनीवर बसून स्वतःलाच वाचून दाखवायचं, म्हणजे शेजारच्यांनी दवाखान्यात न्यायची वेळ. तिनं जुन्या फ्रिजवरचा निळ्या चौकड्यांचा कपडा धुऊन नव्यावर घातला, त्यावर बाबांचा बंद पडलेला रेडिओ ठेवला, औषधांची टोपली ठेवली, आणि पुस्तिका कपड्याखाली सरकवली. लांबून पाहिलं तर कोपरा पूर्वीसारखाच दिसत होता. माणसाला टोपी घातली की चेहरा बदलत नाही, हे तिलाही कळत होतं.

भाऊ आला तो अगदी सांगितल्या वेळेला. दारावरची घंटा वाजवून दोन पावलं मागे उभा राहिला होता. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, डोळ्यांवर चष्मा आला होता आणि उभं राहण्याची ढब हुबेहूब बाबांची, एका पायावर भार देऊन. "ये," ती म्हणाली. "ये ना, आत ये." त्यानं बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. बुटांची फळी होती तिथेच होती, दारामागे. मग त्यानं दार जरा पुढे लोटलं आणि बूट फळीवर ठेवले. आला, असं तिच्या मनानं म्हटलं. तिनं स्वतःला दटावलं: दाराच्या मागे फळी कुणाच्याही घरात असते.

"पाणी आणू?"

"नको नको, आहे माझ्याकडे." त्यानं पिशवीतून बाटली काढून दाखवली. "तू त्रास नको घेऊस."

तो खुर्चीच्या काठावर बसला, पाठ न टेकता. चहा झाला. पोरीला कुठल्या विषयाला जायचंय ते झालं. बायकोच्या पाठीचं दुखणं झालं. तो भिंतीकडे पाहून म्हणाला, "रंग चांगला आहे तुझ्या घराचा," आणि तिला वाटलं, ज्या जागी बाबांचं कॅलेंडर असायचं बरोबर तिथेच तो बघतोय. आणि मग लक्षात आलं, तिथे घड्याळ आहे. एकदा तो खिडकीतून खाली बघून हसला. कशाला हसला? तिथे खाली तो सायकलवरून पडला होता, दोनदा. "काय रे?" तिनं विचारलं. "काही नाही. गाड्या किती झाल्यात." तिचा अंगठा मांडीवर उगाचच दाबला जात होता. जन्मभर काचेच्या अलीकडे बसलेल्या बाईला आज पलीकडे बसवलं होतं, आणि अलीकडे कोणी नव्हतं. खरं कुठलं, मनानं काढलेलं कुठलं, सांगणारं कोणी नव्हतं. तिला विचारायचं होतं, तुला जिना आठवतो का रे? माझ्या डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे, आठवतं का? पण विचारलं आणि तो पुन्हा तसाच, वजन सांगावं तसं, नाही म्हणाला तर? न विचारता निदान विचारायचं बाकी तरी राहतं.

"मुक्काम करशील ना?" तिनं शेवटी विचारलं. सहज विचारल्यासारखा आवाज तिला काढता आला नाही.

"नाही गं. हॉटेल घेतलंय स्टेशनजवळ. सकाळी लवकर निघायचंय, तुला कशाला उगाच." त्यानं फोन काढून गाडी बोलावली. पाच-दहा मिनिटं, म्हणाला. झाली भेट. तिनं आणलेलं लोणी, अंडी, काकड्या, रात्रीसाठी म्हणून आणलं होतं सगळं, ते तिला आठवलं. बोलायचं काही उरलं नाही तेव्हा त्याला ठसका लागला. बाटली उलटी केली तर रिकामी. ती उठायला लागली तर दुखरा गुडघा नेमका कळवळला आणि ती पुन्हा बसली.

"बस तू, बस. मी घेतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गाडीवाला. फोन कानाला लावून तो स्वयंपाकघराकडे वळला. "हो, हो. निळ्या फाटकाच्या पुढे. नाही, दुसरी गल्ली. या तुम्ही, मी खाली उतरतोच आहे." त्याचा आवाज आत गेला. ती बाहेर बसून होती. भांड्यांच्या फळीवरून पेला काढल्याचं तिनं ऐकलं. न विचारता, बरोबर त्याच फळीवरून. पण पेला समोरच होता, कोणालाही दिसला असता. जमेस धरायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. पावलं ओट्यापाशी वळली. "नाही हो, उजवीकडे नाही, डावीकडे. डावीकडे म्हणजे तुमच्या..."

धप्.

आणि लगेच धाडकन् दुसरा आवाज, दार भिंतीवर आपटल्याचा, आणि त्यामागून काचा, बाटल्या, आणि मऊ असं काहीतरी एकामागून एक जमिनीवर फुटत गेलेलं. ती दुखऱ्या गुडघ्यानिशी आत धावली. फ्रिज सताड उघडा होता. अंड्यांची जाळी जमिनीवर, पिवळंजर्द ओघळत ओट्याखाली चाललेलं, त्यातून एक काकडी घरंगळत गेलेली. भाऊ एका पायावर उभा, डाव्या हातात गुडघा, उजव्या हातात दांडी, आणि पायाशी पडलेल्या फोनमधून गाडीवाला ओरडत होता, "हॅलो? डावीकडे म्हणजे कोणाच्या? हॅलो?" नव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर त्या जागी, मुठीएवढा खळगा पडला होता. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज बारीक सुरात टिंग टिंग करायला लागला. हा चार दिवसांतला त्याचा पहिला आवाज.

भाऊ फ्रिजकडे बघत होता. वरचा निळ्या चौकड्यांचा कपडा, रेडिओ, टोपली, आणि त्याखाली हे अनोळखी, गुळगुळीत, चकाकणारं. आत आला तेव्हा त्याला काही दिसलंच नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला.

"हा कुठला?" तो म्हणाला. "ताई, आपला फ्रिज कुठाय?"

तिनं पायानं काकडी बाजूला केली.

"आपला फ्रिज कुठे गेला? तू तो देऊन टाकलास?" त्याचा आवाज चढला, शाळेतून आल्यावर आपली वस्तू जागेवर नसली की चढायचा तसा. "मला न विचारता? फोनवर इतकं बोलतेस, पाऊस सांगतेस, प्लास्टर सांगतेस, आणि एवढं सांगता आलं नाही तुला?"

"बंद पडला रे," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. मी पुष्कळ सांगितलं दुरुस्तीवाल्याला, आठवडाभर तरी—" ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तो दोन्ही हात खाली सोडून उभा होता. मग वाकून त्यानं नव्या दाराचा खळगा हातानं चाचपला, सावकाश, चारी बोटांनी. "गेला," तो हळूच म्हणाला. "आता दुकानदार काही परत घेत नाही."

"मेला हमाल," ती म्हणाली.

त्यानं फोन उचलला. "जा तुम्ही," त्यानं गाडीवाल्याला सांगितलं. "नाही, चूक तुमची नाही. जा." फोन ओट्यावर ठेवून तो कपड्याखालून बाहेर आलेल्या पुस्तिकेकडे बघायला लागला. प्लास्टिकची पिशवी अजून चिकटपट्टीनं बंद होती. त्यानं ती काढली, उलटीपालटी केली, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वाचली नाहीस?"

तिनं मान हलवली.

"न वाचता चालू केलास?"

तो भिंतीपाशी गेला आणि त्यानं तार उपटून काढली. टिंग टिंग थांबलं, हिरवा ठिपका विझला. अंड्यांपासून जरा बाजूला, कोरड्या जागी, तो मांडी घालून बसला, पिशवी दातानं फाडली आणि पहिलं पान उघडलं. तिला खाली बसायला जरा वेळ लागला. पाय लांब करून, भिंतीला पाठ लावून ती तिच्या जागी बसली.

"सदर उपकरण बसविण्यापूर्वी खालील सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात," त्यानं सुरुवात केली.

"पूर्णविराम," ती म्हणाली.

"हो. पूर्णविराम."

"अरे, आधी दूध फाटेल ते बघ, मग वाच."

त्यानं मान वर केली नाही. "मध्ये बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि बोट ओळीवर ठेवून पुढे वाचायला लागला.